चौदाव्या दिवसाची खाडाखोड

१

शिंपीकाकांची बायको सोमवारी सकाळी सव्वानऊला ऑफिसात आली. पुढच्या खोलीत तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. थेट आक्कांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मला भांडायचं नाही. एकच सांगा. माझ्या माणसाने तुम्हाला फोन केला होता की नाही?"

आक्का म्हणजे या ऑफिसच्या व्यवस्थापक. बावीस वर्षं झाली. कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे, रजिस्टरं त्यांची, आणि माणसं चुकली की बोलणी खायची तीही त्यांनीच.

औषध दुकानात येण्याआधी ते माणसांना देऊन बघावं लागतं. ती माणसं शोधायची, त्यांना समजावून सांगायचं, त्यांची काळजी घ्यायची, हे या ऑफिसचं काम. सध्या गुडघेदुखीवरच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. बासष्ट माणसं रोज सकाळी ती गोळी घेत होती आणि शिंपीकाका त्यांतले एक. मागच्या सोमवारी, अकरा तारखेला, गोळी सुरू केल्याच्या एकोणिसाव्या दिवशी, दुकानाच्या माळ्यावरून कापडाचा गठ्ठा उतरवताना ते शिडीवरून पडले आणि जागीच गेले. पाय घसरून पडले, अशी नोंद झाली. ऑफिसनेही तेवढ्यावर भागवलं होतं.

"बसा तरी," आक्का म्हणाल्या. "फोन कशाबद्दल?"

"चक्कर. शेवटचे चार-पाच दिवस घर फिरतंय म्हणायचे. मी म्हटलं, ती गोळी बंद करा. तर म्हणाले, मी ऑफिसात तीनदा फोन केलाय, तिथून सांगितलं की भरपूर पाणी प्या, उपाशी राहू नका."

आक्का उठल्या. आतल्या कपाटातून त्यांनी काकांची फाईल आणली. गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला ऑफिसातून एक छोटी वही मिळते. रोज गोळी किती वाजता घेतली आणि काही त्रास झाला का, एवढंच त्यात लिहायचं. काकांच्या वहीत एकोणीस दिवस भरलेले होते. त्रासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, छापील वळणाच्या अक्षरात, एकच शब्द होता : नाही.

"तुम्ही रागावू नका," आक्का हळूच म्हणाल्या. "पण हे बघा. त्यांनी स्वतःच लिहिलंय."

बाईंनी वही हातात घेतली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग सगळी वही भराभर चाळली आणि उजेडाकडे धरली.

"त्यांच्या बोटांना कायम निळा खडू असायचा," त्या म्हणाल्या. "दाराच्या कडीला निळं, कपाच्या कानाला निळं. मी आयुष्यभर पुसत आले. ही वही ते रोज दुकानात, कापड कापायच्या टेबलावर लिहायचे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. हिच्यावर एक तरी डाग दाखवा."

आक्कांनी पाहिलं. वही धुतल्यासारखी स्वच्छ होती.

"ही त्यांची वही नाही," बाई म्हणाल्या.

२

साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्याला दोनच गोष्टी कळायच्या : मुदत आणि मुदतवाढ. आक्कांचं बोलणं त्यांनी उभ्यानेच ऐकलं.

"दुःखात माणूस काहीही बोलतो, आक्का. उद्या सकाळी अकराला चाचणीची देखरेख समिती बसतेय. बासष्ट वह्यांत गंभीर काही नाही म्हटलं की परवापासून डोस दुप्पट. आज पाचपर्यंत मला तुमची सही हवी, फाईल व्यवस्थित आहे म्हणून."

"आणि नसली तर?"

"तर कोणाचं चुकलं ते नाव द्या. ती फोनवरची मुलगी आहे ना? तिने निरोप दिला नसेल. नवीन आहे, होतं असं." साहेब मोबाईलकडे बघत म्हणाले. "तिच्या नावावर घ्या आणि विषय संपवा."

आक्का बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच आकडा घुमत होता. एकसष्ट. काका खरंच गोळीने चक्कर येऊन पडले असतील, तर एकसष्ट माणसं परवा सकाळी तीच गोळी एकीऐवजी दोन घेणार होती, आणि तेही आक्कांच्या सहीवर. त्यांना स्वतःच्याच हाताची भीती वाटली.

काकांची वही ऑफिसात कशी आली, ते त्यांना पाठ होतं. गुरुवारी, चौदा तारखेला, तिघं जण काकांच्या घरी भेटायला गेली होती : चाचणीचे डॉक्टर, वह्या तपासणारी नेटकी आणि फोनवरची चिमणी. बाईंनी वही पिशवीत घालून दिली. चिमणीचं घर त्याच बाजूला, म्हणून पिशवी तिच्याकडे राहिली. शुक्रवारी सकाळी तिने ती नेटकीच्या टेबलावर ठेवली, नेटकीने डॉक्टरांना दिली, त्यांनी सही केली आणि संध्याकाळी वही आक्कांच्या कपाटात आली. बदलली असेल तर या तिघांपैकीच कोणीतरी.

चिमणी पुढच्या खोलीत कानाला फोनचं यंत्र लावून बसलेली होती. वय तेवीस, आवाज असा गोड की माणूस नाही म्हणायला लाजायचा. दिवसाला ऐंशी फोन करून ती चाचणीसाठी माणसं मिळवायची. आक्का समोर येऊन बसल्याबरोबर तिचा चेहरा उतरला.

"काकांचा फोन आला होता?"

"आला होता. तीनदा. गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारी. जायच्या आधीच्या आठवड्यात."

"मग रजिस्टरात का नाही?"

"माझ्या रजिस्टरात फक्त नव्या माणसांचे फोन लिहायचे, असं तुम्हीच सांगितलंय, आक्का. एकदा नाव नोंदलं की माणूस आतल्यांचा. मी आतलं बटण दाबते आणि सोडून देते."

हा नियम आक्कांचाच होता. दोन ठिकाणी नोंद नको, घोळ होतो, म्हणून त्यांनीच केलेला.

"गोळी किती वाजता घ्यायचे ते?"

"आठला. सगळेच आठला घेतात. मीच तर पढवते सगळ्यांना."

"रोज आठला?"

"रोज म्हणजे रोज. त्यात काही बदल असतो का?" मग एकदम तिचे डोळे भरून आले. "ते नको म्हणत होते हो पहिल्यांदा. मीच परत फोन केला. दोनदा केला. म्हटलं, काका, गुडघा बरा होईल, बघा तर खरं."

"रडू नकोस. आत फोन कोणी उचलला?"

"ते मला इथे कसं कळणार? आतली घंटा थांबली की उचलला म्हणायचं." चिमणीने नाक पुसलं. "तिन्ही वेळा घंटा थांबली, आक्का. कोणीतरी उचलला."

३

आतली घंटा तपासणीच्या खोलीत वाजते, आणि त्या खोलीत दोनच माणसं बसतात.

एक डॉक्टर. साठीचे, अंगाने भारदस्त, पेशंटच्या पाठीवर हात ठेवून बोलणारे. या ऑफिसातलं पहिलं टेबल त्यांनी आणि आक्कांनी मिळून उचलून आत आणलं होतं. दुसरी नेटकी. खरं नाव कोणी घेत नाही, कारण तिच्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा कधी वाकडी नसते. गोळ्या देणं, रक्त घेणं, वह्या तपासणं, सगळं तिच्याकडे. बारा वर्षांपूर्वी आक्कांनी तिला हाताला धरून काम शिकवलं, आणि पुढच्या वर्षी आक्का निवृत्त झाल्या की त्यांच्या खुर्चीवर तीच बसणार, हे ऑफिसातल्या पंख्यालाही ठाऊक होतं.

"माझ्यापर्यंत एकही फोन आला नाही," नेटकी म्हणाली.

"माझ्यापर्यंत कुठला येतोय?" डॉक्टर म्हणाले. "फोन बहुतेक हीच उचलते."

नेटकीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"आणि वही?"

"मी नीट वाचूनच सही केली, आक्का. माणसाला काही त्रास नव्हता. बिचारा पडला." डॉक्टरांनी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. "हे घ्या, तुमचे राहिलेले चार कागद. काय छळलंत हो मला या पंधरवड्यात! आता घरी सामानाची यादी खोडतानाही मी शेजारी सही करतो. बायको हसते."

एरवी आक्काही हसल्या असत्या. डॉक्टरांचं अक्षर आणि त्यांची खाडाखोड हा ऑफिसातला जुना विनोद होता. ते आकडा आकड्यावर गिरवायचे, शब्दाचा काळा ढिगारा करायचे. समितीची भेट जवळ आली म्हणून आक्कांनी त्यांना शाळेतल्या पोरासारखं बसवून त्रेचाळीस कागद दुरुस्त करून घेतले होते.

कारण या धंद्यात चूक लपवायची नसते. चुकलेल्या आकड्यावर एकच बारीक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा. शेजारी सही आणि तारीख. आक्कांनी ही सवय प्रत्येकाच्या हातात भिनवली होती.

त्या कागद घेऊन फाईलींच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि काकांची वही पुन्हा पहिल्यापासून वाचली. चौदाव्या दिवशी त्यांचं बोट थांबलं. तिथे गोळीची वेळ लिहिली होती आठ. आठवर एक बारीक रेघ. वर अकरा चाळीस. शेजारी काकांच्या नावाची आद्याक्षरं आणि तारीख.

आक्कांनी बाकीच्या एकसष्ट माणसांच्या वह्या काढल्या. नव्या वह्या त्यांच्या घरी होत्या, पण भरून झालेल्या पहिल्या वह्या कपाटात होत्या. त्यांनी एकेक वही उघडली. एका निवृत्त पोस्टमनने चुकलेली वेळ इतकी घासली होती की कागदाला भोक पडलं होतं. एका शिक्षिकेने चुकलेल्या शब्दावर कागदाचा तुकडा चिकटवला होता. माळीकाम करणाऱ्या एकाने पाचाचे सहा केले होते, सहाचे आठ केले होते आणि शेवटी बाण काढून समासात 'सात' असं अक्षरी लिहिलं होतं. कोणी थुंकी लावून पुसलं होतं, कोणी अख्खं पानच फाडलं होतं. एकसष्ट वह्यांत एकानेही एक रेघ, सही आणि तारीख असं केलेलं नव्हतं. घरात बसून लिहिणारा माणूस असं करतच नाही. ते फक्त ऑफिसातली माणसं करतात.

म्हणजे वही ऑफिसात लिहिली गेली होती. आणि इतकी सुबक रेघ मारणारा हात आक्कांच्या ओळखीत एकच होता. नेटकी. जिच्या लग्नात त्या आईच्या जागी उभ्या होत्या, ती.

एकसष्ट वह्या त्यांनी एकेक करून परत कपाटात लावल्या. मग चष्मा पुसला आणि ती खाडाखोड पुन्हा जवळून बघितली. नीटनेटकी खाडाखोड कोणी वाचत नाही. रेघ आहे ना, सही आहे ना, तारीख आहे ना, झालं. आक्कांनीही आतापर्यंत तारीख आहे एवढंच पाहिलं होतं. ती कोणती आहे, हे पाहिलं नव्हतं.

चौदावा दिवस म्हणजे सहा तारीख. शेजारी लिहिलं होतं, तेरा.

काका अकरा तारखेला गेले होते. आणि तेरा तारखेला त्यांनी आपल्या वहीतली चूक दुरुस्त केली होती.

४

"दार लाव," आक्का म्हणाल्या.

नेटकीने दार लावलं आणि समोर बसली. दुपारचे तीन वाजत आले होते. खिडकीबाहेर आभाळ मळकट होतं आणि खोलीत दिवा लावूनही उजेड पुरत नव्हता.

"चौदाव्या दिवशी काकांनी गोळी किती वाजता घेतली?"

"अकरा चाळीसला," नेटकी लगेच म्हणाली. "एरवी आठला घेतात. पण चौदाव्या दिवशी इथे तपासणी असते ना, आधी रक्त घ्यायचं, मग गोळी. उशीर झाला होता त्या दिवशी."

"कोणी दिली गोळी?"

"डॉक्टरांनी. मी रक्ताच्या नळ्या घेऊन खाली गेले होते. वर आले तर डॉक्टर म्हणाले, दिली, अकरा चाळीस लिहून टाक फाईलमध्ये."

"बारा आणि तेरा तारखेला तू कुठे होतीस?"

नेटकीने चमकून वर बघितलं. "दुसऱ्या केंद्रावर. प्रशिक्षणाला. तुम्हीच पाठवलंत ना? काका गेल्याचंही मला चौदाला सकाळी तुमच्याकडूनच कळलं."

आक्कांना हे सगळं माहीत होतं. पण तारीख वाचेपर्यंत त्यांच्या मनात भलतंच येऊन गेलं होतं, आणि आता त्यांना हे तिच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांचा श्वास मोकळा झाला आणि त्याच क्षणी लाज वाटली.

"कोऱ्या वह्यांच्या कपाटाची तुझी किल्ली?"

"माझ्या पर्समध्ये. तिकडे घेऊन गेले होते. दुसरी डॉक्टरांकडे असते." नेटकी बोलता बोलता थांबली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. "आक्का, तुम्हाला मी वाटले?"

"क्षणभर वाटलीस."

"क्षणभर म्हणजे किती?"

"पाऊण तास," आक्का म्हणाल्या. खोटं बोलून काही मिळणार नव्हतं.

नेटकीने ओठ आवळले. "डॉक्टर तुमच्यासमोर म्हणाले, फोन हीच उचलते. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. म्हटलं, मोठे आहेत, विसरले असतील." ती उठली. जाताना तिने खुर्ची होती तशी टेबलाला समांतर सरकवली.

आक्का एकट्या उरल्या. गोष्ट आता साधी झाली होती, आणि साधी झाली म्हणून जास्त जड. तेरा तारखेला, खरी वही घरून येण्याच्या आदल्या दिवशीच, कोणीतरी ही कोरी वही एका बैठकीत भरायला बसलं. वरपासून खालपर्यंत आठ, आठ, आठ लिहीत गेलं. चौदाव्या दिवसावरही आठ लिहिलं, आणि मग आठवलं की त्या दिवशी गोळी अकरा चाळीसला दिली होती. चिमणीला ते ठाऊकच नव्हतं, ती सकाळपासून 'रोज आठला'च म्हणत होती, आणि वह्यांच्या कपाटाची किल्लीही तिच्याकडे नव्हती. नेटकीला ठाऊक होतं, पण तेरा तारखेला ती इथे नव्हती. उरलं एक नाव. ते मनात घेण्याआधी आक्का दोनदा पाणी प्यायल्या.

मग त्यांनी वही पदराआड धरल्यासारखी छातीशी धरली आणि त्या उठल्या. साडेचार वाजले होते.

५

डॉक्टर खिडकीशी उभे होते. आक्कांनी वही टेबलावर उघडून ठेवली, चौदाव्या दिवसावर.

"डॉक्टर, इतक्या वर्षांत तुम्ही एकदाच नीट खाडाखोड केलीत," त्या म्हणाल्या.

डॉक्टर वळले. त्यांनी वहीकडे बघितलं नाही.

"इतकी सुबक, म्हणून तुमचं नाव माझ्या यादीत शेवटी होतं. पण अकरा चाळीस तुम्हाला आठवत होतं, तुम्ही स्वतः गोळी दिली होती. कपाटाची किल्ली तुमच्याकडे. आणि तारीख बघा. पंधरवडाभर मी तुमच्या डोक्याशी उभी राहून एकच म्हणत होते. एक रेघ, सही, आजची तारीख. प्रत्येक कागदाला म्हणत होते. नेटकी असती तर दुसऱ्याच्या नावाने लिहिताना थांबली असती. सहा लिहिलं असतं. तुमचा हात नुकता शिकलेला. त्याने सांगितल्याप्रमाणे केलं."

"आजची तारीख," डॉक्टर पुटपुटले. ते खुर्चीत बसले, आणि बसताना एकदम म्हातारे दिसले. "मी तर वाचूनही सही केली. मला दिसलीच नाही."

"फोन तुम्ही उचललेत."

"तिन्ही." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "पहिल्याला वाटलं, या वयात कोणाला चक्कर येत नाही? म्हटलं, पाणी प्या. नोंद नंतर करू, गोळी थांबवायची तर साहेबांना सांगावं लागणार, डोक्याला ताप. दुसऱ्या दिवशी परत फोन. तिसऱ्या दिवशी परत. आक्का, पहिल्याच फोनला लिहिलं असतं तर दोन ओळींची साधी नोंद होती. तिसऱ्याला लिहायचं म्हणजे आधीचे दोन का नाही लिहिले, तेही लिहावं लागलं असतं. ते माझ्याच्याने झालं नाही. आणि सोमवारी माणूस गेला."

"आणि सकाळी तुम्ही नेटकीचं नाव घेतलंत."

आक्कांना वही बदलल्यापेक्षा याचाच राग जास्त आला, आणि तो राग त्यांनी गिळला नाही. "त्या पोरीचं नाव, डॉक्टर! साहेब चिमणीला बाहेर काढायला टपलेत. तुम्ही दोघींच्या मागे लपलात."

"हो," डॉक्टर म्हणाले.

"खरी वही कुठे आहे?"

त्यांनी खालचा खण उघडला. तिथे औषधांच्या जुन्या माहितीपत्रकांखाली ती होती. मळलेली, कोपरे वळलेली, पानापानावर निळ्या खडूचे अंगठे.

"फाडली का नाहीत?"

"दोनदा हातात घेतली. मग पंधराव्या दिवसाची ओळ वाचली आणि परत ठेवली."

आक्कांनी उभ्यानेच वाचली. काकांचं अक्षर मोठं आणि कष्टाचं होतं. पंधरावा दिवस : उठताना घर फिरलं. ऑफिसात फोन केला. पाणी प्यायला सांगितलं. सोळावा : शिवताना सुई दोन दिसतात. फोन केला. तेच सांगितलं. सतरावा : फोन केला. डॉक्टर घाईत होते. अठरावा : तसंच आहे. एकोणिसावा : गोळी आठला घेतली. चक्कर आहे. फोन नाही केला. माणसाने किती वेळा त्रास द्यायचा.

आक्कांना अक्षरं दिसेनाशी झाली. त्यांनी वही मिटली.

"चला," त्या म्हणाल्या. "साहेबांकडे. पाच वाजायच्या आत."

"तुम्ही बरोबर याल?"

"येईन. पण तुमच्या बाजूने बोलणार नाही."

६

साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मुदतीचं नाव काढलं नाही. समितीला फोन गेला. गोळी त्या क्षणापासून बंद. डॉक्टरांनी आपला जबाब स्वतःच्या हाताने लिहून दिला, टेबलावरचा चष्मा उचलला आणि कोणाशी न बोलता जिना उतरून गेले. आक्कांनी त्यांना जाताना बघितलं. हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

मग आक्का, नेटकी आणि चिमणी फोनला बसल्या. तिघींनी यादी वाटून घेतली. "उद्यापासून गोळी घेऊ नका. तुम्हाला चक्कर येते का?" एकसष्ट वेळा. एकसष्टांपैकी नऊ जणांना येत होती. त्यातल्या पाच जणांनी ती कुठेच लिहिली नव्हती, कोणाला सांगितलीही नव्हती. एवढ्याशासाठी तुम्हाला कशाला त्रास, असं पाचही जण आपापल्या शब्दांत म्हणाले. निवृत्त पोस्टमन मात्र चिडला. चार वर्षांनी तो तीन मजले चढू शकत होता, आणि आता हे काय नवीन? चिमणीने त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग आपल्या गोड आवाजात पुन्हा सांगितलं, "काका, तरी घेऊ नका. माझं ऐका." फोन ठेवल्यावर ती हमसून हमसून रडली आणि नेटकीने तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. नेटकी आक्कांशी कामापुरतंच बोलत होती. ते बरेच दिवस तसंच चालणार, हे आक्कांना कळत होतं, आणि त्यात तिची चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का काकांच्या घरी गेल्या. घर दुकानाच्या मागेच होतं. पुढच्या खोलीत अर्धवट शिवलेले चार शर्ट दोरीला टांगलेले होते. कोणाचे ते आता कोणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी दार उघडलं आणि काही न विचारता त्या दारातच उभ्या राहिल्या.

"केला होता," आक्का म्हणाल्या. "तीनदा केला होता. आणि तिन्ही वेळा आमच्याकडे उचलला होता. चूक आमची आहे. गोळी बंद केलीय आम्ही, सगळ्यांची. चौकशी होईल. तुम्हाला जे विचारायचं ते विचारा, मी खरं तेच सांगेन."

बाई मागे सरकल्या आणि कापड कापायच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या.

"काही विचारायचं नाही," त्या म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी भांडण झालं आमचं. मी म्हटलं, तुम्ही फोनबिन काही करत नाही. मला गप्प करायला नुसतं सांगता. असं कसं तीनदा फोन करूनही कोणी काही करत नाही? तुम्ही खोटं बोलता. असं म्हटलं मी." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "ते काही बोलले नाहीत. सकाळी चहा न घेता दुकानात गेले. मला वाटलं, खोटं पकडलं म्हणून रुसले."

आक्कांनी आत येऊन दार लोटून घेतलं.

"ते खरं बोलत होते," बाई म्हणाल्या. "आता मी त्यांना कसं सांगू, मला कळलं म्हणून?"

आक्कांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, बाईंना हाताला धरून त्यावर बसवलं, आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसल्या.